पावलापुरती ऊब

चपलेच्या दुकानात आपण नंबर सांगतो. सहा, सात, आठ. पाऊल कुणी बघायला मागत नाही. हे नंबर आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीने चालत आले आहेत आणि त्या पद्धतीत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंत लांबी वाढते ती एक तृतीयांश इंचाने, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. आकडा सांगतो ती फक्त लांबी. चवडा किती रुंद, पावलाचा वरचा उंचवटा किती, टाच निमुळती की भरदार, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. आणि ज्यांचं सगळं आयुष्य अनवाणी किंवा पट्ट्याच्या चपलेत, वावरात नि कातळावर गेलं त्यांचं पाऊल बोटांकडे मोकळं पसरलेलं असतं. ते पाऊल कुठल्याच नंबरात नीट बसत नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांची पावलं यंत्राने मोजून घेतली. त्यातून दिसलं ते असं, की आपली पावलं परदेशी साच्यांपेक्षा रुंद आहेत आणि रुंदीला जागा मिळावी म्हणून आपण गरजेपेक्षा लांब जोडे घेत आलो आहोत. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. चांगलंच झालं. लोकरीच्या सपातेला मात्र तेवढीही वाट बघायचं कारण नाही. ती ज्याच्या पायात जायची त्याच्याच पायावर मोजून विणता येते, आणि डावा-उजवा पाय थोडा लहानमोठा असेल, बहुतेकांचा असतोच, तर दोन सपाता दोन मापांच्या करता येतात.

हे पुस्तक त्या सपातांचं आहे. क्रोशाची एक सुई, शंभर-दीडशे ग्रॅम लोकर आणि एक मोजपट्टी एवढ्या सामानात आपल्या किंवा आपल्या माणसाच्या पावलाला बेताची सपात कशी विणावी, हे त्यात सांगितलं आहे. नमुन्यांची पुस्तकं पुष्कळ आहेत. त्यांत ‘मध्यम माप’ असं लिहून टाके मोजून दिलेले असतात आणि विणणारी बाई ते टाके इमानाने मोजत जाते. शेवटी जी सपात तयार होते ती भलत्याच कुणाच्या पायाची होते. म्हणून इथे टाक्यांचे आकडे थोडे आणि ते आकडे काढायचे कसे, यावर भर जास्त आहे. मला या विषयात सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते: मोजायला शिकलं की नमुना लागत नाही.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती राजगडाच्या पायथ्याची पाली आणि तिच्या आसपासच्या वाड्यावस्त्या. वेल्ह्याकडे जाणाऱ्या एसटीने पाब्याला उतरायचं, कानंद नदी ओलांडायची, की पाली दरवाज्याची वाट लागते. स्वराज्याची राजधानी जवळपास पाव शतक या गडावर होती, आणि रुंद पायऱ्यांची ही वाट त्या काळच्या राबत्याची आहे. आता शनिवार-रविवारी शहरातली पोरं-पोरी त्याच वाटेने गड चढतात. पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत यांच्यावर खालच्या गावांतल्या कितीतरी घरांचे सुट्टीचे दिवस चालतात, आणि ते सगळं डोक्यावरून वर न्यायचं तर बाईला पहाटे अंधारात उठावं लागतं. हिवाळ्यात त्या वेळी गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं असतं आणि डोंगराच्या पदरातल्या वस्तीवर ऊन यायला अजून बराच अवकाश असतो.

अशा वेळी पाय ज्या जमिनीवर पडतो ती जमीनच मधल्या काळात बदलली आहे. घरं पक्की झाली, सारवलेली भुई गेली आणि तिच्या जागी शहाबादी किंवा गुळगुळीत चकचकीत फरशी आली. झाडायला-पुसायला सोपी, विंचू-काट्याची भीती कमी. तिची तक्रार करायचं मला काही कारण दिसत नाही. पण शेणामातीची भुई आणि फरशी पहाटे सारख्याच थंड असल्या, तरी पायाला त्या सारख्या लागत नाहीत. दगड पायातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. माती, त्यातही भुशाचा काला घालून चोपलेली, सावकाश घेते. एकाच घरातली म्हातारी माणसं ‘हल्ली पाय फार गार पडतात’ म्हणतात त्यातलं थोडं वयाचं असेल, पण थोडं नक्की फरशीचं असतं.

मग घरात चपला घाला, असं सुचवणं सोपं. घातल्या जात नाहीत. वहाणा उंबऱ्याबाहेर, हा आपल्या घरांचा धर्म आहे. स्वयंपाकघरात आणि देवापुढे तर चामड्याचा विचारही नको. सत्तरी ओलांडलेल्या बाईला घरात रबरी स्लीपर घालायला लावणं म्हणजे तिला रोज अवघडल्यासारखं करणं. लोकरीचं तसं नाही. सोवळ्याच्या घरांतसुद्धा रेशमी मुकट्याच्या जोडीने लोकरीची धाबळी पवित्र मानली गेली. देवपूजेला बसायला लोकरीचं आसन चालतं. हिमाचलात कुल्लूकडे भांगेच्या सालीच्या तंतूंचे ‘पुला’ नावाचे विणलेले जोडे वापरतात ते याच कारणाने: चामडं नसल्यामुळे ते देवळातही चालतात. तेव्हा लोकरीची सपात आपल्या घरात पाहुणी म्हणून येत नाही. तिला चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत जाता येतं. ज्यांना थंडी सर्वांत जास्त बाधते त्या जुन्या माणसांना ती विनासंकोच पायात घालता येते, ही गोष्ट मला सपातेच्या उबेइतकीच महत्त्वाची वाटते.

आता लोकर. भोर-वेल्ह्याच्या डोंगरसपाटीवरचे धनगर हे बहुतांशी गवळी धनगर. त्यांचं धन गाई-म्हशींचं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांच्या जगण्याचा बारकाईने अभ्यास केला, त्यातही केंद्रस्थानी आहे ती म्हैस आणि जंगल. मेंढरं इथे येतात ती पाहुणी म्हणून. दिवाळीनंतर देशावरचे, फलटण भागातले मेंढपाळ कळप घेऊन घाटाकडे निघतात, वाटेत शेतांत मेंढरं बसवतात, लेंडीखताचा मोबदला घेतात आणि कोकणात उतरतात. हा कळप दख्खनी जातीचा. त्या जातीतला लोणंदचा वाण तर भोरपासून फार लांबचा नाही. पावसाळ्यात मावळातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर जी घोंगडीची खोळ असायची ती याच मेंढीची. सणगरांनी खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, काळी, जड, पावसाला दाद न देणारी.

त्या लोकरीला आज जवळपास किंमत राहिलेली नाही. दख्खनी मेंढी अंगावर लोकर थोडी धरते, वर्षाला अर्धा किलोच्या आसपास, आणि ती कातरायचा खर्चही निघेना म्हणून कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर रानातच टाकून देतात. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. घोंगडीच्या जागी स्वस्त कारखानी ब्लँकेटं आली. मला हे पाहून वाईट वाटतं, आणि या पुस्तकात दख्खनी लोकरीसाठी एक वेगळं प्रकरण आहे ते त्यासाठीच. पण भावनेच्या भरात ती लोकर थेट पायाला लावू नये. तिचे तंतू जाड आहेत. चांगल्या मेरिनो लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो. तीसच्या पुढचे तंतू कातडीला टोचतात आणि दख्खनी लोकरीत असे तंतू भरपूर. तिची जागा तळाला आणि बाहेरच्या अंगाला. हाताने कातलेल्या घोंगडीच्या सुताचे दोन पदर एकत्र पिळून जाड सुईने तळ विणावा आणि आत मऊ लोकरीची दुसरी सपात घालावी. अशी जोडी दणकट होते.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. रंग सुरेख, धुवायला सोपे, भाव परवडणारा. बाळाच्या टोपड्या-कुंच्या आता बहुतेक त्याच्याच होतात. मात्र ज्या घरात अजून चूल किंवा बंब पेटतो त्या घरातल्या सपातेसाठी हा फरक जिवाचा आहे. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर तो धागा वितळतो आणि वितळलेला कातडीला चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडलेल्या जागी करपते आणि विस्तव बाजूला झाला की बहुधा विझते. गुंड्यावरची चिठ्ठी वाचावी, आणि चिठ्ठी नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघावा. केस जळल्यासारखा वास आला आणि मागे चुरा होणारी राख उरली तर लोकर. कडक काळा मणी उरला तर अ‍ॅक्रिलिक. चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी विणायचं तर महाग पडली तरी लोकरच घ्यावी, यावर मी ठाम आहे. फ्लॅटमधल्या माणसासाठी दोन्ही मिसळलेला धागा चालेल.

लोकरीचा दुसरा गुण ओलाव्याचा. आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा ती आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. घामेजलेल्या पायाला म्हणूनच ती कोंदट वाटत नाही. पण त्याचा अर्थ ओल्या पायावर सपात चढवावी असा नाही. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात; तशा पायांवर लोकर चढवून झोपलं तर त्या वाढतात. पाय धुवावेत, बेचकी कोरडी करावीत, भेगांना तेल किंवा मलम लावलं असेल तर ते जिरू द्यावं, मग सपाता.

क्रोशाचं काम आपल्या घरांना नवं नाही. दारावरची तोरणं, रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर घातलेले रुमाल, फडताळाच्या कडेची झालर, बाळंतविड्यातली टोपडी. बायकांच्या मासिकांतून, दिवाळी अंकांतून नमुने छापून येत आणि ते कापून वहीत चिकटवलेले असत. त्या वह्या आजही घरोघरी सापडतील. आणखी एक गोष्ट नव्या मुलींना मुद्दाम सांगावीशी वाटते: सुयांवरचं उलट-सुलट विणकाम यंत्राने होतं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून बाजारात नाही. दुकानात क्रोशाची जी वस्तू दिसते ती कुणीतरी हाताने विणलेली असते, मग तिची किंमत काहीही लावलेली असो.

तोरण विणणाऱ्या बाईला सपात विणायला नवं काय शिकावं लागतं? टाके तेच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. सपातेला तर मुख्यतः मुका खांबच लागतो, कारण तो बुटका आणि घट्ट बसतो. (बाहेरची पुस्तकं वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: अमेरिकी पुस्तक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतं त्यालाच इंग्लंडचं पुस्तक डबल क्रोशे म्हणतं. दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच.) फरक आहे तो हाताच्या ताणात. तोरणात जाळी हवी, उजेड आरपार दिसायला हवा. सपातेत जाळी म्हणजे थंडीला दिलेली खिडकी. ऊब देते ती धाग्यांच्या मधे अडकलेली स्थिर हवा, आणि पायाखाली तीच हवा अंगाच्या वजनाने दाबून बाहेर जाते. म्हणून वरचा भाग थोडा सैल चालतो, तळ मात्र दाट लागतो. गुंड्याच्या चिठ्ठीवर साडेचार किंवा पाच मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर सपातेला चारची घ्यावी. पहिल्या दिवशी बोटं दुखतील. तळाला धागा दुहेरी घेतला तर आणखी बरं.

आता मापाकडे येते, कारण सगळं पुस्तक त्यावर उभं आहे.

वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर पसरायचा आणि ज्याचं माप घ्यायचं त्याने त्यावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसून घेतलेलं माप थोडं आखूड येतं, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. वेळ संध्याकाळची बरी. दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात आणि सपात त्या वेळेलाही घालायची असते. पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती फिरवायची. ती आत कलली की रेघ तळव्याखाली जाते आणि माप चोरलं जातं. मग टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी. सर्वांत लांब म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट पुढे आलेलं असतं. त्यानंतर चवड्याचा घेर, बोटांच्या मुळाशी, मोजपट्टी न आवळता. तिसरं माप टाचेच्या खालून घोट्याच्या पुढच्या खळगीवरून तिरपं फिरवून. पाय आत जायला तोंड किती मोठं लागेल ते यावरून कळतं. दोन्ही पायांची मापं वेगळी लिहायची.

लग्न झालेल्या बाईचं माप जोडव्यांसकट घ्यायचं. जोडवी बोटांना बाजूला सारतात, शिवाय त्यांची कडा लोकरीत अडकते आणि पुढचा भाग आधी फाटतो. त्यामुळे टोकदार नाकाची सपात आपल्याकडे कामाची नाही. टोक रुंद, चपट्या लंबगोलासारखं असावं आणि आतून मऊ सुती कापडाची एक पट्टी बोटांच्या वर शिवावी. बाहेरच्या कुठल्याही नमुन्यात हे सापडणार नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल तर त्या जागी घेर मोजावा, त्याच्या पुढे-मागे नाही.

मापानंतर नमुन्याचा तुकडा. ज्या लोकरीने, ज्या सुईने, ज्या हाताने सपात विणायची त्याच तिघांनी वीतभर तुकडा विणायचा आणि मधल्या दहा सेंटिमीटरांत किती टाके, किती ओळी बसतात ते मोजायचं. विणताना सपात गोल फेऱ्यांत जाणार असेल तर तुकडाही गोलच विणावा. ओळ उलटवून विणलेला मुका खांब आणि न उलटवता विणलेला मुका खांब वेगळे बसतात. हा तुकडा बायका टाळतात. वेळ वाया जातो असं वाटतं. पण घट्ट हाताची सासू आणि सैल हाताची सून यांनी एकाच नमुन्यावर विणलेल्या सपातांत दोन नंबरांचा फरक पडतो, तो या तुकड्यातच आधी दिसतो.

एक हिशेब सोडवून दाखवते. तुकड्यात दहा सेंटिमीटरांत १६ टाके आणि १८ ओळी आल्या. पावलाची लांबी २४ सेंटिमीटर, चवड्याचा घेर २२. विणलेलं कापड ताणतं, तेव्हा सपात पायाएवढी केली तर आठवड्यात ढिली होते. घेरातून साधारण दहावा हिस्सा कमी करायचा: उरले १९.८. सेंटिमीटरला १.६ टाके, म्हणजे ३१.७, धरा ३२. लांबीतून एक सेंटिमीटर कमी: २३. सेंटिमीटरला १.८ ओळी, म्हणजे ४१. झालं. आता पुढच्या टोकासाठी ७ साखळ्या घालून त्यांच्या दोन्ही अंगांनी सहा-सहा मुके खांब, एकूण १२. पुढे दर फेरीत दोन्ही टोकांशी दोन-दोन टाके वाढवत जायचं: १६, २०, २४, २८, ३२. लंबगोल टोक तयार. तिथून न वाढवता, न घटवता सरळ फेऱ्या, लांबी निम्म्यावर येईपर्यंत. मग वरच्या मधल्या ८ टाक्यांना हात लावायचा नाही, ते पाय घालायचं तोंड. उरलेले २४ टाके मागे-पुढे ओळींनी विणत टाचेपर्यंत जायचं. दुसऱ्या कुणाचं पाऊल, दुसऱ्या कुणाचा हात असेल तर आकडे बदलतील. रीत हीच राहील.

टाच हा सगळ्या हातविणीच्या सपातांचा कमजोर भाग. ती शेवटी नुसती दुमडून शिवली तर मागे चौकोनी खिसा होतो आणि चालताना सपात निसटते. त्यावर उपाय साधा आहे: शेवटच्या तीन ओळींत तळाच्या मध्यावर दर ओळीला दोन टाके कमी करायचे. २४ चे १८ होतात, कापड आपसूक आत वळतं आणि टाचेला वाटीचा आकार येतो. मग मागची शिवण. ही शिवण आतल्या बाजूला येऊ द्यायची की बाहेरच्या, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना आतली गाठ टोचलेली कळत नाही आणि त्याची जखम होते. त्यांच्यासाठी शिवण बाहेर, गाठी बाहेर, काठ सैल, आणि रोज सपात घालण्याआधी आत हात फिरवून बघायची सवय. दिसायला थोडी ओबडधोबड होईल. होऊ द्यावी.

तळाचा विचार फरशीमुळे करावाच लागतो. गुळगुळीत फरशीवर लोकर घसरते, अ‍ॅक्रिलिक तर जास्तच, आणि म्हातारपणी एकदा पडणं म्हणजे खुब्याचं हाड. नुसत्या विणलेल्या तळाची सपात मी वयस्क माणसाला देणार नाही. सायकलच्या किंवा स्कूटरच्या टाकाऊ ट्यूबचा पावलाच्या आकाराचा तुकडा कापून, कडेला दाभणाने भोकं पाडून तळाला शिवता येतो. त्यासाठी कागदावर घेतलेली रेघ पुन्हा कामाला येते. सुतळीचा तळही क्रोशाने विणता येतो. जाड सुई आणि बोटांना चिकटपट्टी लागते. तो कोरड्या दिवसांत छान टिकतो, पावसाळ्यात मात्र ओल धरतो आणि कुबट वास मारतो. वेल्ह्यातला पाऊस लक्षात घेता इथे ट्यूबच बरी.

सपाता विकता येतील का, हे गावात सगळ्यात आधी विचारलं जातं, आणि विचारावंच. हिवाळ्यात राजगडावर पद्मावतीच्या देवळात पूर्वी कधी मुक्काम केलेल्यांना दगडी फरशीची थंडी कळलेली असते. त्यांच्यातले काही जण घेतील. पण दहा जोड तयार करून मांडून बसायचा सल्ला मी देत नाही. तसं केलं की आपण पुन्हा नंबरांकडे जातो आणि मग कारखान्याशी भावात बरोबरी करावी लागते, ती होणार नाही. ज्याला हवी त्याच्या पावलाची रेघ कागदावर घ्यावी, घेर लिहून घ्यावा, थोडी उचल घ्यावी आणि विणून पाठवावी. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी फोनवर पावलाचा फोटो पाठवला तर त्याने माप कळत नाही. शेजारी फूटपट्टी ठेवायला सांगावं, किंवा सरळ कागदच घडी घालून येणाऱ्या माणसाबरोबर मागवावा. मजुरी ठरवताना लोकरीच्या किमतीच्या जोडीने हाताचे तास धरावेत. बायका ते धरत नाहीत, ‘टीव्ही बघता बघता झालं’ म्हणतात. त्या तासांत त्यांची बोटं, डोळे आणि खांदे काम करत होते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम सांगून थांबते. सुरुवातीला टाके आणि हाताचा ताण. तोरण-रुमाल विणणाऱ्यांनी ते चाळून पुढे जावं. मग मापं आणि हिशेब, सोडवलेल्या उदाहरणांसह. इथे घाई करू नये. त्यानंतर मोठ्यांची साधी सपात, घोट्यापर्यंतची सपात, आणि लहान मुलांची. मुलांची पावलं भराभर वाढतात, त्यामुळे त्यांच्या सपातेची टाच शिवण्याऐवजी उसवता येईल अशी जोडलेली आहे. दोन-तीन ओळी वाढवून तीच सपात पुढच्या हिवाळ्यात चालते. दख्खनी लोकरीचं प्रकरण शेवटून दुसरं आहे. शेवटचं दुरुस्तीचं: टाच आणि अंगठ्याखालचा भाग सगळ्यात आधी झिजतो, तो भोक पडण्याआधीच, धागा पातळ दिसू लागताच, त्याच लोकरीने रफू करावा. म्हणून सपाता पुऱ्या झाल्या की उरलेला गुंडा संपवून टाकू नये. चिठ्ठीसकट, मापाच्या कागदात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावा. धुताना गार पाणी आणि रिठा, न पिळता, न घासता. ऊन पाण्यात चोळली तर खरी लोकर आटते आणि मग ती सपात घरातल्या नातवाच्या मापाची होते.